ओढणीतले हात

६ जानेवारी, सोमवार

वर्ग सुरू झाला. आवाज कापत होता, पण झाला.

नंदकिशोर काका बाबांचे ऑफिसातले जुने परिचित. वर्सोव्याच्या त्यांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी आहेत. तिथल्या बायकांना इंग्रजी शिकायचंय, नातवंडांच्या शाळेत बोलता यावं, बँकेत अडू नये, एवढंच. काकांनी चौथ्या मजल्यावरचा आपला हॉल दिला. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी वर्ग. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत बस, पुढे मेट्रो, मग रिक्षा.

वर्ग हे अर्धंच कारण आहे. निदान इथे तरी खरं लिहावं. काकांच्या मुलाचं, अनयचं, स्थळ मला आलंय. त्याचं पहिलं लग्न मोडलं. ती माहेरी मालवणला गेली ती परत आली नाही, असं काकांनी बाबांना सांगितलं. बाबांनी जास्त विचारलं नाही. चौकशी करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं त्यांचं मत. "महिनाभर जा-ये कर, माणसं बघ, मग हो-नाही सांग," म्हणाले.

मी पाचवीपर्यंत शाळेत गेले नाही. बोलताना फार अडखळायचे, म्हणून बाबांनी घरीच शिकवलं. वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्या कापायचे, बोलण्याच्या फुग्यांवर पांढरा कागद चिकटवायचे आणि विचारायचे, "सांग, ही काय म्हणत असेल?" मी इंग्रजी तशीच शिकले आणि तशीच शिकवणार आहे. चार चौकटींची पट्टी मीच काढते. फुगे रिकामे ठेवते. चौथी चौकट पूर्ण कोरी, ती घरी जाऊन भरायची. वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं, मोडकंतोडकं चालेल.

एकच अडचण. मला हात काढता येत नाहीत. बोटं भेंड्यांसारखी होतात. म्हणून माझ्या चित्रातल्या बाईचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले असतात. आजच्या पट्टीत ती दारातून आत येते, मग टेबलावर चहा ठेवलेला, मग ती एका बंद दारासमोर उभी.

पट्टी वाटली आणि हॉल गप्प झाला. सहाजणी आहेत. त्यातली जान्हवी सगळ्यांत लहान आणि तोंडाळ. आल्यापासून बडबडत होती, तीही थांबली. रुक्मिणीताई वयाने मोठ्या, मूळच्या कणकवलीकडच्या. त्यांनी कागद पालथा घातला.

"ही कोण, टीचर?"

"कोणी नाही. अशीच एक बाई."

त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या सुहासिनी काकींकडे, काकांच्या बायकोकडे, पाहिलं. काकी वालपापडी निवडत होत्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, पण वर्गात बसून राहायला आवडतं म्हणाल्या.

चित्र एवढं वाईट आलंय का?

९ जानेवारी, गुरुवार

सहाही जणींनी चौथी चौकट सारखीच भरली. तेच बंद दार, बाहेरून कडी घातलेलं, आणि दाराच्या आतून निघालेला फुगा. त्यात लिहिलेलं, "ओपन द डोअर."

सहा वेगवेगळ्या घरांत बसून सहाजणींना एकच कसं सुचेल? कडीसुद्धा? मी विचारलं, "एकमेकींचं बघून केलंत का? केलं असेल तरी रागावणार नाही."

"आईशप्पथ नाही," जान्हवी म्हणाली. मी इंग्रजीत सांगायला लावलं. तिने जरा विचार केला, काकींकडे बघून हसली आणि म्हणाली, "नो कॉपी, टीचर. सेम मेमरी."

तिला बहुतेक 'सेम आयडिया' म्हणायचं होतं. मी तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

सगळ्यांच्या फुग्यांत मी लाल शाईने 'प्लीज' घातलं. उगाच हुकूम केल्यासारखं वाटत होतं.

मधेच आतल्या खोलीचं दार दणदणलं. हॉलच्या टोकाला ते आहे, पितळी कडीचं, कायम बंद. सहाजणींनी एकदम तिकडे पाहिलं. काकींनी मान वर केली नाही.

"वारा," त्या म्हणाल्या. "समुद्र जवळ ना."

१३ जानेवारी, सोमवार

कॉपीचा संशय मनातून जाईना. संशय घेतल्याची लाजही वाटत होती. म्हणून आज नवी पट्टी दिली आणि सगळ्यांना लांब लांब बसवून माझ्यासमोर भरायला लावली. घर नकोच म्हणून बाई बाजारात नेली. ती पापलेट घेते, पिशवी कोपरात अडकवते. हात अर्थात ओढणीत.

चौथ्या चौकटीत सगळ्यांनी तिला घरी आणलं आणि खिडकी काढली. जान्हवीच्या चित्रात खिडकीला नुसती ओढणी लटकतेय, बाई नाहीच. रुक्मिणीताईंच्या चित्रात खाली जमिनीवर एक चप्पल. फुगा कुठेच नाही.

मी म्हटलं, "व्हेअर इज द वूमन?"

पलीकडे काकींच्या सुरीचा आवाज तेवढा येत होता. मी खिडकीचं स्पेलिंग सुधारलं.

खाली आल्यावर सहज वर पाहिलं. खाऱ्या हवेने सगळ्या बिल्डिंगच्या ग्रिल गंजल्यात. चौथ्या मजल्यावरची एकच नवी आहे, पांढरी. काकींना फोनवर पोचल्याचं कळवताना म्हटलं, तुमची ग्रिल छान आहे. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी बसवली गं. कावळे फार यायचे."

१६ जानेवारी, गुरुवार

आज माझं चुकलं का, ते ठरवता येत नाहीये.

वर्ग सुटल्यावर जिन्यात रुक्मिणीताईंनी माझं मनगट धरलं. वर-खाली बघून हळूच म्हणाल्या, "टीचरबाय, जरा आयक माझा. अनयची पयली बायको..."

मी त्यांना थांबवलं. घरच्या शाळेतला माझा पहिला धडा अ-आ-इ नव्हता. जो समोर हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, ऐकायचंही नाही, हा होता. बाबा स्वतः तो पाळतात. आत्याने कोणाबद्दल काही सांगायला सुरुवात केली की उठून गॅलरीत जातात. मी म्हटलं, "ताई, नको. ती इथे नाही, तिच्यामागे बोलायला नको."

त्यांनी हात सोडला. "नायच ती," म्हणाल्या. "खंयच नाय." कुठेच नाही, म्हणे.

तेवढ्यात काका खालून वर आले. दर वेळी मला रिक्षापर्यंत सोडायला येतात, चुकत नाहीत. "काय रुक्मिणीबाई, गप्पा रंगल्यात? तुमच्या रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर माझी सही व्हायचीय अजून. लक्षात आहे ना?" हसत म्हणाले. सगळ्यांच्या फाइली त्यांच्याच कपाटात असतात. केवढं काम करतात या वयात.

रुक्मिणीताई उतरून गेल्या. मी फार तोडून बोलले. गुरुवारी माफी मागायला हवी. नाही, सोमवारीच.

२० जानेवारी, सोमवार

वर्ग सुरू व्हायच्या आधी काकींनी अनयचा शर्ट इस्त्री करायला दिला. "बघू तरी, हात कसा चालतो." अगदी खांद्याशी उभ्या होत्या. टेबलावरच्या जुन्या चादरीला इस्त्रीच्या आकाराचे तपकिरी डाग आहेत, बरेच. मी नीट केला शर्ट. त्या म्हणाल्या, "तुला सांगावं लागत नाही. आधीचीला साधी इस्त्री जमत नव्हती. शिकवावी लागली."

म्हणून आज घरातल्या वस्तूंची पट्टी घेतली. चमचा, घड्याळ, खुर्ची. इस्त्रीचं चित्र वर धरून विचारलं, "व्हॉट इज धिस?"

जान्हवीने माझ्या चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं, तिच्या ओढणीवर, आणि म्हणाली, "धिस इज आयर्न."

"नो, धिस इज हर ओढणी."

"अंडर, टीचर. अंडर धिस. आयर्न."

मला वाटलं तिला 'खाली' आणि 'वर' यांत गोंधळ होतोय. मी फळ्यावर टेबल आणि मांजर काढून दोन्ही शब्द पुन्हा समजावले. बाकीच्या पाचजणी खाली मान घालून बसल्या होत्या. मी कंटाळवाणी शिकवते की काय?

अनय आज लवकर आला. फार कमी बोलतो, मला अहो-जाहो करतो. चप्पल घालताना म्हणाला, "तुमचे हात फार छान आहेत. जपा."

बरं वाटलं, हे लिहायला हवं. पण परतताना मेट्रोत बसले तेव्हा माझे दोन्ही हात ओढणीत होते. कधी गुंडाळले कळलं नाही. एसी फार गार होता.

२६ जानेवारी, रविवार

काकींकडे हळदीकुंकू. बोलावलं म्हणून गेले. वर्गातल्या सहाही जणी होत्या. तिळगूळ, अत्तर, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. सगळ्या बसल्यावर काकींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं, "येत्या रविवारी शर्मिष्ठाचा आणि आमच्या अनयचा साखरपुडा."

मला कोणी विचारलं नव्हतं. बाबांशी कालच बोलणं झालंय, असं त्या म्हणाल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. आज सगळ्यांसमोर गप्प बसले. गप्प बसणं हे खोटं बोलण्यात मोडतं का? बाबांना विचारायचं धाडस होत नाही.

"जा, आतली खोली बघून ये," काकी म्हणाल्या. "शांत आहे. लग्नानंतर तुझीच. चित्रं काढत बस."

त्यांनीच कडी काढली. आत खाट, कपाट, नव्या ग्रिलची खिडकी. समुद्र दिसत नाही, खालची पार्किंगची फरशी दिसते. मी वळले तेव्हा दार लागलं होतं. दाराच्या आतल्या बाजूचं पॉलिश एका ठिकाणी पूर्ण गेलंय, माझ्या छातीच्या उंचीवर. आतलं लाकूड उघडं पडलंय आणि गुळगुळीत झालंय.

मी दार ढकललं. उघडेना. हाक मारली, "काकी." मग जोरात, "दार उघडा."

बाहेर एवढ्या बायका बोलत होत्या, बांगड्यांचा आवाज येत होता. सगळं थांबलं. मग पाटाचा की खुर्चीचा धक्का लागल्यासारखा आवाज झाला आणि दार उघडलं. दारात जान्हवी होती. तिच्यामागे काकी हसत म्हणाल्या, "आपोआप लागली वाटतं कडी. वारा."

जान्हवीने हळदीकुंकवाच्या निमित्ताने माझा हात घट्ट दाबला. सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाली, "टीचर, इंग्लिश इज व्हेरी गुड. हिअर नोबडी अंडरस्टँड. ओन्ली यू. प्लीज अंडरस्टँड."

काकी कौतुकाने म्हणाल्या, "बघा, कशी फाडफाड बोलायला लागली."

आत्ता दोन गोष्टी मनात येताहेत. ती कडी उचलून कोयंड्यात अडकवावी लागते. वाऱ्याने लागत नाही. आणि मी आतून हाक मारली तेव्हा 'प्लीज' म्हटलं नव्हतं.

३० जानेवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

कापलेल्या चौकटी उलटसुलट देऊन त्या क्रमाने लावायला सांगणं, हा माझा नेहमीचा खेळ. आज मी पोचले तर त्यांनीच टेबलावर चौकटी पसरून ठेवल्या होत्या. सहा जणींच्या मिळून. काकी कोपऱ्यात, पुढ्यात मेथी.

"टुडे यू डू, टीचर," जान्हवी म्हणाली.

मी लावायला घेतल्या. हिरवी ओढणी घेतलेली नवी नवरी दारातून आत येते, तिचे हात मोकळे आहेत. हे माझं चित्र नव्हतं. बोटं छान काढली होती, मेंदीसकट. मग इस्त्रीचं टेबल, तिच्यामागे एक बाई उभी. त्याच्या पुढच्या चौकटीपासून हात ओढणीत. मग बंद दार, बाहेर कडी, आतून फुगा. माझं 'प्लीज' त्यांनी तिथे ठेवलं होतं. ओपन द डोअर प्लीज. मग जिना, जिन्यात सहा बायका, सगळ्यांचे हात तोंडावर. त्यांचा फुगा एकच होता, "वी हिअर." मग खिडकी. खाली फरशी आणि एक चप्पल.

एक चौकट उरली होती. तेच दार. त्याच्यासमोर माझ्यासारखा चष्मा घातलेली, कापडी पिशवी घेतलेली मुलगी. तिचा फुगा रिकामा.

मी लाल पेन हातात घेतलं नाही. विचारलं, "व्हॉट इज हर नेम?"

रुक्मिणीताई म्हणाल्या, "श्रुतिका."

एवढाच शब्द काकींना कळला. मेथी खुडण्याचा आवाज थांबला.

"कोणाचं नाव घेतलंस गं?"

विचारलं रुक्मिणीताईंना होतं. मी म्हटलं, "चित्रातल्या बाईचं, काकी." यात खोटं काही नव्हतं. मी चौकटी गोळा करून पिशवीत टाकल्या. "आजचा वर्ग संपला."

"एवढ्यात? थांब, अनय येतोय. मापाला अंगठी आणतोय." काकी उठून दाराकडे आल्या. बाहेरच्या नाही, आतल्या. कडीवर हात ठेवून म्हणाल्या, "आत बस निवांत. चेहरा उतरलाय तुझा."

माझे पाय हलेनात. हे खरं आहे. मला नको म्हणता येत नव्हतं, लहानपणासारखी अडखळले. रुक्मिणीताईंनीच माझी पिशवी उचलली. बाकीच्या उठून माझ्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्यामधे होते म्हणूनच चालले.

जिन्यात काका भेटले. "मी सोडतो तिला."

"नको काका," जान्हवी म्हणाली. "आज आम्ही सोडतो."

"तुमचे कागद माझ्याकडे..."

"ऱ्हवांदेत तुमच्याकडेच," रुक्मिणीताई म्हणाल्या. "वाटेत्सून सरा."

ते सरकले. सहाजणी घरातल्या चपलांवर, दोघी तर गाऊनवर ओढणी टाकून, मला मेट्रोपर्यंत सोडायला आल्या. रस्त्यात मराठीत सांगत होत्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. या वेळी मी ऐकलं. ती दुपारभर हाका मारत होती. आधी काकींना, मग एकेकीला नाव घेऊन. यांनी आपापली दारं लावून घेतली. पोलीस आले तेव्हा कपडे वाळत घालताना पडली असं काकांनी सांगितलं, आणि टीव्ही चालू होता, काही ऐकू आलं नाही, असं सहाही जणींनी. मालवणला तिची रक्षा गेली.

"तू पयल्या दिवशी तिचा चित्र काढलंस," रुक्मिणीताई म्हणाल्या. "हात तसेच. आमका वाटला, तुका सगळा म्हायत आसा. तू इचारतंस."

मी त्यांना सांगितलं, मला हात काढता येत नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

बाबांना सांगायला सुरुवात केली. त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. "शर्मिष्ठा, जो हजर नाही..."

"ती हजर नाही, बाबा. म्हणूनच कोणीतरी ऐकायला हवं."

मी त्यांचं वाक्य पहिल्यांदाच तोडलं. ते उठून गॅलरीत गेले. मला वाटलं संपलं. थोड्या वेळाने आत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सांग. पहिल्यापासून." मी चौकटी ओळीने मांडल्या. ते एकेक बघत गेले. शेवटच्या चौकटीतली मुलगी बघितल्यावर चष्मा काढून ठेवला. मग काकांना फोन लावला. "आमच्याकडून नाही," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. कारण सांगितलं नाही.

दुपारी जान्हवीचा मेसेज आला. पोलीस स्टेशनला गेल्या होत्या, सहाही जणी. आधीचा जबाब बदलायचा म्हणजे आम्हीच अडकू का, असं तिने विचारलंय. मला माहीत नाही. बाबांच्या ओळखीच्या वकिलांना सोमवारी भेटायचं ठरलंय. मीही जाणार आहे. दार बाहेरून लावलं गेलं होतं, हे मी माझ्यापुरतं सांगू शकते.

२ फेब्रुवारी, रविवार

आज साखरपुडा होता.

सकाळपासून हात काढायचा सराव करतेय. समोर स्वतःचा डावा हात ठेवून. अंगठा जमतो, करंगळी नाही. तरी श्रुतिकाचे हात ओढणीबाहेर काढायचे ठरवलंय. वर्ग पुढे रुक्मिणीताईंच्या घरी घ्यायचाय, तिथली पहिली पट्टी हीच.

ओढणीचा रंग जुळवायला म्हणून माझी पहिली पट्टी शोधून काढली, सहा तारखेची. ती मी चार तारखेला इथे, मुलुंडला, जेवणाच्या टेबलावर काढली होती. तोवर त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. हात ओढणीत का, ते मला ठाऊक आहे. पण तिसऱ्या चौकटीत, बंद दारावर, बाहेरून कडी घातलेली आहे. पेन्सिलने, नीट, कोयंड्यासकट. सहाजणींना कडी कुठून सुचली म्हणून मी त्यांच्यावर संशय घेतला होता. ती माझ्याच चित्रात होती.

आमच्या घरातल्या एकाही दाराला तशी कडी नाही. ती काढल्याचं मला आठवत नाही.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, खोडून टाक, मनाला लावून घेऊ नकोस. मी रबर हातात घेतलं आणि ठेवून दिलं. श्रुतिकाला हाक मारायला दुसरं कोणी सापडलं नसेल.